माईची आण

"किती काढलीत म्हणे तुम्ही आजवर?"

लिननचा पांढरा शर्ट घातलेल्या एका वितरकानं आंबीमामांना विचारलं आणि मामांनी माझ्याकडं बघितलं. या प्रश्नाचं उत्तर मी द्यायचं, असं आमचं ठरलेलं होतं.

"एकशे चाळीस," मी म्हणालो. "सत्तेचाळीस वर्षांत. ऑक्सिजनची नळी नाही, दोर नाही. नुसता दम धरून."

वितरकानं मामांच्या खांद्यावर हात ठेवून फोटो काढून घेतला, मी दिलेलं पोस्टकार्ड दुमडून खिशात घातलं आणि तो पुढच्या घोळक्यात गेला. पोस्टकार्डावर मामा होते. कमरेपर्यंत कृष्णेच्या पाण्यात उभे, दोन्ही हात पाण्याखाली. खाली फिल्मचं नाव आणि माझा फोन नंबर.

"एकशे चाळीस कुटनं आणलं, सर?" मामांनी हळूच विचारलं.

"पोलीस पाटलांनी अंदाज दिलाय."

"मी कवा मोजली न्हाईत."

"लोकांना आकडा लागतो, मामा."

डोक्यावरचा पटका त्यांनी काढून पुन्हा बांधला. गोव्यात आल्यापासून हे त्यांचं दिवसातून दहा वेळा चालायचं.

ही दोन हजार अकरा सालच्या नोव्हेंबरातली गोष्ट. पणजीजवळच्या एका मोठ्या हॉटेलात निर्माते, दिग्दर्शक, वाहिन्यांची माणसं आणि परदेशी महोत्सवांचे निवडकर्ते चार दिवस जमले होते. ज्याची फिल्म तयार आहे तो ती विकायला येतो, ज्याची नाही तो पैसे उभे करायला येतो. माझी तयार होती. अंकलगावच्या घाटावर बुडालेली माणसं बाहेर काढणाऱ्या धोंडीराम आंबींवर मी साडेतीन वर्षं घालवली होती. मिरजेतली कॉलेजातली नोकरी सोडली होती. तोवर सात महोत्सवांनी फिल्म नाकारली होती.

मामांना सोबत आणायची कल्पना माझीच. नुसत्या पोस्टकार्डाकडं कोण बघतंय, पण धोतर-पटक्यातला, पासष्टीतला, रुंद छातीचा माणूस हिरवळीवर उभा केला की लोक थांबतात, हे मला ठाऊक होतं. मामा यायला तयार झाले ते समुद्रासाठी. "माई शेवटाला कुटं जाती ते बगायचंय," म्हणाले. कृष्णा गोव्याला येत नाही, ती उलट दिशेला, पूर्वेला जाते, हे मी त्यांना सांगितलं नाही.

पहिले दोन दिवस लोक थांबले, फोटो काढले, आकडा ऐकून भुवया उंचावल्या. फिल्म मात्र कुणी बघितली नाही. एका परदेशी बाईंनी बघायच्या खोलीत बसून ती लावली आणि विसाव्या मिनिटाला बंद करून जेवायला गेल्या. मी काचेबाहेर उभा राहून बघत होतो.

तिसऱ्या दिवशी सकाळी मीनल गुप्ते भेटल्या. एका वाहिनीसाठी माहितीपट निवडायचं काम त्यांच्याकडं होतं, आणि मी त्यांच्या भेटीची वेळ मिळवायला महिनाभर झटत होतो. चाळिशीच्या आसपासच्या, बारीक, केस मागं घट्ट बांधलेल्या. चहाचा कप हातात धरून त्यांनी माझं पाठ केलेलं बोलणं सभ्यपणे ऐकून घेतलं. मग पोस्टकार्ड उलटून पाठीमागचा मजकूर वाचला.

"अंकलगाव," त्या म्हणाल्या. "सांगलीजवळचं?"

"हो. तुम्हाला माहितीये?"

"एकदाच गेलेय." त्यांनी कप खाली ठेवला. "माझा भाऊ तिथं गेला. श्रीरंग. इंजिनिअरिंगला होता सांगलीत, दुसऱ्या वर्षाला. पोहायला म्हणून गेला आणि पाय घसरला. एक्याण्णवचा जानेवारी. आम्ही पुण्याहून पोचलो तेव्हा सापडला नव्हता. दीड दिवस घाटावर बसून होतो."

मामा माझ्या शेजारीच उभे होते. मीनलताई त्यांच्याकडं वळल्या. "तुम्हीच काढलं असेल ना त्याला?"

मामांनी हात जोडले. "आसंल, ताई. लई जनांचं हाय, ध्येनात ऱ्हात न्हाई."

"मला आठवतंय. उंच होतात तुम्ही. बाबांच्या हातात तुम्ही त्याला..." त्या थांबल्या. मग माझ्याकडं बघून म्हणाल्या, "फिल्मची डीव्हीडी आहे का? मी आजच बघते. संपूर्ण बघते."

मी म्हणालो, दुपारी तुमच्या खोलीवर पोचवतो. त्या गेल्या आणि मला, खरं सांगायचं तर, आनंद झाला. साडेतीन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी 'संपूर्ण बघते' म्हणालं होतं.

मामांनी माझं मनगट धरलं. पाण्यात चाचपून माणूस शोधणारा तो हात, त्याची पकड साधी नव्हती. ते मला हिरवळीवरून थेट वाळूपर्यंत घेऊन गेले.

"त्या बाईला ती फिल्लम दावू नगा."

"का?"

"बुटाचं जे म्या सांगितलंय न्हवं का, ते हिच्या भावाचं हाय."

मला कळायला वेळ लागला नाही. माझ्या फिल्ममध्ये चार मिनिटांचा एक भाग होता. बाकीच्या फिल्ममध्ये मामा फारसं बोलत नाहीत. नारळ सोडतात, पाण्यात उतरतात, वर येतात. पण शूटिंगच्या तिसऱ्या वर्षी, एका दुपारी होडीत बसून जाळं सांधताना, त्यांनी आपणहून सांगायला सुरुवात केली होती. कॉलेजातला एक पोरगा. कापडी बूट घाटाच्या पायरीवर नीट जोडून ठेवलेले, एका बुटाला नाडी नाही. मामांनी बुडी मारली तेव्हा पोरगा तळाला उभा असल्यासारखा. पाठीला दप्तर, दप्तरात दगडं, आणि दप्तराचे पट्टे पुढून छातीवर बुटाच्या नाडीनं आवळलेले. मामा वर आले, दम घेतला, कमरेचा चाकू घेऊन परत खाली गेले. पट्टे कापले, दप्तर तळाला सोडून दिलं आणि पोराला नुसतं वर आणलं. घाटावर बापानं विचारलं, "घसरला असेल ना हो?" मामा म्हणाले, "व्हय, शेवाळ हाय तितं." पंचनाम्यात तेच लिहिलं गेलं. वीस वर्षांत त्यांनी ते कुणाला सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. मला सांगून झाल्यावर म्हणाले होते, "नाव घेतलं न्हाई म्या. कुणाला कळणार न्हाई न्हवं?" मी म्हणालो होतो, कुणाला कळणार नाही.

"तोच कशावरून, मामा? इतकी पोरं बुडतात."

"ही पोर पायरीवर बसल्याली. हिच्याच मांडीवर ते बूट हुते. दीड दिस खाली ठिवले न्हाईत हिनं." त्यांनी माझं मनगट सोडलं. "तेवढं काढून टाका, सर. मग दावा खुशाल."

"काढतो," मी म्हणालो.

हे सोपं होतं. वाहिन्यांना बावन्न मिनिटांचीच फिल्म लागते, म्हणून मी तशी एक प्रत करून ठेवली होती. बावीस मिनिटं कापताना तो भाग कापावा लागला होता, कारण तो ठेवला तर त्याच्या आधीच्या दोन वर्षांचं शूटिंगही ठेवावं लागत होतं. दोन्ही प्रती माझ्या बॅगेत होत्या. चौऱ्याहत्तर मिनिटांची आणि बावन्न मिनिटांची.

खोलीवर जाऊन मी दोन्ही प्रती पलंगावर ठेवल्या. बावन्नवाली निर्जीव होती, हे मला ठाऊक होतं. तिच्यात एक बलदंड म्हातारा पाण्यात उतरतो आणि वर येतो, एवढंच. ती बघून मीनल गुप्ते छान म्हणतील, कळवते म्हणतील आणि विसरतील. मी स्वतःला सांगितलं की नाव कुठं घेतलंय, साल कुठं सांगितलंय. वीस वर्षांपूर्वीच्या बुटांची नाडी कुणाच्या लक्षात राहते. तिला वाटेल, दुसऱ्या कुणाचा तरी पोरगा. आणि तो भाग बघून ती हलेल, फिल्म घेईल.

हे सगळं मी पूर्ण शुद्धीत ठरवलं. चौऱ्याहत्तर मिनिटांची प्रत पाकिटात घातली आणि दोन वाजता मीनलताईंच्या खोलीवर देऊन आलो.

पाचच्या सुमाराला त्या आम्हाला शोधत आल्या. मामा हिरवळीच्या कडेला, माडाच्या बुंध्याशी बसून समुद्र बघत होते. मी त्यांच्याजवळच दोन निर्मात्यांना पोस्टकार्डं देत होतो. मीनलताईंचा चेहरा बघून मी त्या दोघांना तिथंच सोडलं. त्या माझ्याकडं आल्याच नाहीत. मामांच्या समोर गवतावर खाली बसल्या.

"आम्हाला बूट मिळाले होते," त्या म्हणाल्या. आवाज अगदी साधा होता. "एकाला नाडी नव्हती. आईनं तेव्हाच विचारलं, नाडी कुठाय. बाबा म्हणाले, पडली असेल कुठंतरी. मग बाबा गेले. आई अजून विचारते. पंच्याहत्तरीची आहे. परवासुद्धा विचारलं."

मामांनी एकदा माझ्याकडं बघितलं. एकदाच. मी नजर खाली घातली.

"मला खरं सांगा," मीनलताई म्हणाल्या. "फिल्ममधला तो मुलगा श्रीरंग होता का?"

"न्हाई, ताई."

"मामा, मला बरं वाटावं म्हणून सांगू नका."

"त्यो पोरगा इस्लामपूरकडचा. लई मागनं. तुमचा भाऊ त्येच्या आदी सहा-सात सालं गेल्याला. त्येचा बाप गिरणीवाला हुता, मिशीवाला." मामा थांबत नव्हते. एरवी दोन वाक्यांमध्ये बिडी ओढून होईल इतका वेळ घेणारा हा माणूस भराभरा बोलत होता. "तुमच्या भावाचं मला आता याद आलं. तुमी सकाळच्याला इचारलं तवा आलं न्हाई, आता आलं. त्येच्या पाठीला काय न्हवतं. काठाकडंला घावला, पायऱ्यांच्या खाली. मुठीत शेवाळ हुतं बगा त्येच्या. दोनी मुठीत. वर याया बगत हुता त्यो."

"वर यायला बघत होता?"

"व्हय. लई धडपड केल्याली."

"मग नाडी?"

"घाटावर कुत्री आस्त्यात, ताई. येक धा मिन्टं चप्पल ठिवली तर वढून नेत्यात. कुत्र्यानं तोडली आसंल."

मीनलताई त्यांच्या तोंडाकडं बघत होत्या. "शपथेवर सांगता?"

मामा उठून उभे राहिले. समोर समुद्र होता. त्यांनी पटका काढून हातात घेतला.

"किस्नामाईची आण," ते म्हणाले.

मी साडेतीन वर्षं त्या माणसाबरोबर काढली होती. पाण्यात उतरताना ते नदीला विचारायचे, वर आल्यावर तिला सांगायचे. भांडण मिटवताना, साक्ष देताना, दुसऱ्या कुठल्या देवाची शपथ मी त्यांच्या तोंडून ऐकली नव्हती, आणि ही शपथ दोनदाच ऐकली होती. दोन्ही वेळा खरी.

मीनलताईंनी वाकून त्यांच्या पायाला हात लावला. मामा मागं सरकले, पण उशीर झाला होता.

दुसऱ्या दिवशी निघताना त्या मला हॉटेलच्या दारात भेटल्या. त्यांची गाडी यायची होती.

"फिल्म आम्ही घेतोय," त्या म्हणाल्या. "पण एवढी लांब नको. बावन्न मिनिटांची करून द्या. आणि तो बुटांचा भाग नको. आई आमची वाहिनी बघते."

"तशी आहे माझ्याकडं," मी म्हणालो. तोंडातून निघून गेलं. "तो भाग नसलेली. तयारच आहे."

"तयार आहे?"

"हो."

"आधीपासून?"

मी मान हलवली.

"मग काल मला ती का नाही दिलीत?"

गाडी आली. ड्रायव्हरनं त्यांची बॅग घेतली. मी उत्तर शोधत होतो आणि त्या उत्तरासाठी थांबल्याही होत्या, निदान दार उघडून आत बसेपर्यंत. मग काच वर गेली. करार पुढं त्यांच्या ऑफिसातल्या दुसऱ्या कुणीतरी केला. मीनलताईंशी माझं त्यानंतर बोलणं झालं नाही.

परतीच्या एसटीत मामा खिडकीशी बसले होते. आंबोली घाट चढेपर्यंत मी तीनदा बोलायला तोंड उघडलं. तिसऱ्यांदा ते म्हणाले, "झोपा जरा, सर. लई उभं ऱ्हायलाय चार दिस."

फिल्म जानेवारीच्या शेवटी दाखवणार असं पत्र आलं, तेव्हा ते सांगायला मी अंकलगावला गेलो. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. मामांच्या बायको, हौसाबाई, दारात तुरी निवडत होत्या. मला बघून त्यांनी नेहमीसारखं 'या' म्हटलं नाही.

"पान्यात जात न्हाईत," त्या म्हणाल्या. "तितनं आल्यापासनं पाय बुडिवला न्हाई. संक्रांतीला तासगावची बाई आंगुळीला गेली ती बुडाली. लोक दारात येऊन बसलं. ह्येनी भिताडाकडं त्वांड करून निजलं. मग सांगलीची बंबाची गाडी आली, गळ टाकून काढली तिला. गळानं." त्यांनी सूप खाली ठेवलं. "काय झालं तितं? मला सांगत न्हाईत. तुमी तर सांगा."

मामा कुठं आहेत, एवढंच मी विचारलं.

मामा घाटावर नव्हते. गावामागच्या चिंचेखाली, नदी दिसत नाही अशा जागी, पार धरून बसले होते. दोन महिन्यांत ते सुकले होते. पाण्यातल्या माणसाच्या अंगावर एक तकाकी असते, ती गेली होती. मी शेजारी बसलो आणि जे एसटीत बोलता आलं नव्हतं ते बोललो.

"मी तो भाग काढला नव्हता, मामा."

"ठावं हाय."

"कधी कळलं?"

"ती पोर नाडीचं बोलली तवाच."

"मला काही बोलला नाहीत."

"तुमास्नी काय बोलायचं? तिला बोलायची गरज हुती." त्यांनी पायाजवळची एक चिंच उचलली आणि सोलत बसले. "माईची खोटी आण घेतली म्या. आता तिच्यात कुटल्या तोंडानं उतरू? ती वर सोडंल का मला? आन सोडलं तरी, हाताला कुनाला लागू देईल का?"

"माझ्यामुळं."

ते नाही म्हणाले नाहीत. हो पण म्हणाले नाहीत. चिंच सोलून झाली तरी त्यांनी ती खाल्ली नाही.

"सगळी खोटी न्हवती पर," ते म्हणाले.

"काय?"

"आण. सगळीच खोटी न्हवती." ते माझ्याकडं बघत नव्हते. "शेवाळ न्हवतं मुठीत. ते म्या रचलं. पर वर याया बगत हुता, ते खरं हाय. चाकू घिऊन दुसऱ्यांदा खाली गेलो, पट्टे कापाया हात घातला, तर नाडीवर त्येचे हात हुते. धा बोटं. गाठ सोडवत हुता. नखं मोडल्याली. आर्धी गाठ सुटल्याली बी हुती."

वारा नव्हता. खाली नदीवर कुणीतरी म्हशींना हाका मारत होतं.

"त्येची बोटं काढाया मला तिसऱ्यांदा खाली जावं लागलं," मामा म्हणाले. "हे त्या दिशी होडीत तुमाला सांगितलं न्हाई. आन तिला बी सांगाया आलं न्हाई. बोटांचं आन गाठीचं सांगायचं आसलं तर आदुगर दगडाचं सांगाया लागतंय."

मामा त्यानंतर अकरा वर्षं जगले आणि नदीत उतरले नाहीत. मागच्या वर्षी घरात, खाटेवर गेले. मीनलताईंच्या आईही आता नाहीत, असं ऐकलं. फिल्मला पुढं दोन पारितोषिकं मिळाली. बावन्न मिनिटांच्या फिल्मला. ती अजून कुठं कुठं दाखवतात आणि मला बोलावतात, आणि लोक अजून विचारतात, किती काढली त्यांनी. मी सांगतो, त्यांनी मोजली नाहीत.

त्या दिवशी मी उठायला लागलो तेव्हा मामांनी पहिल्यांदा माझ्याकडं सरळ बघितलं.

"सर," ते म्हणाले, "हे बी घेतलं काय?"

माझ्याजवळ कॅमेरा नव्हता. मी त्यांना माझे दोन्ही हात पुढं करून दाखवले. त्यांनी ते नीट बघितले, आणि तरीही त्यांची खात्री पटल्यासारखी मला दिसली नाही.